माझे दोन कॉमा आणि ४० इंजिनिअर

झालं असं की मी एक मेल पाठवला, तीन ओळींचा, आणि त्यात मी ४० माणसं उडवली.

म्हणजे एका क्लायंटच्या साईटवर आमचे ४० इंजिनिअर जाणार होते, त्यातल्या ६ जणांचं सेफ्टी ट्रेनिंग राहिलं होतं, तर त्या ६ जणांची नावं लिस्टमधून काढलीत एवढंच कळवायचं होतं. मी लिहिलं, "द इंजिनिअर्स, हू हॅव नॉट कम्प्लीटेड द ट्रेनिंग, हॅव बीन रिमूव्ह्ड फ्रॉम द लिस्ट." सेंड केलं आणि दुसऱ्या कामाला लागले. अर्ध्या तासाने समोरून फोन, बाई अगदी शांत आवाजात, "मॅडम, मग सोमवारी कुणीच येत नाहीये का?" मला आधी वाटलं चेष्टा करतायत. मग मेल पुन्हा उघडला, तीनदा वाचला, आणि तिसऱ्या वेळी पोटात गोळा आला.

स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, शब्द बरोबर, फक्त दोन कॉमा जास्तीचे. 'हू'च्या आधी एक आणि 'ट्रेनिंग'च्या नंतर एक. ते काढले तर अर्थ होतो, ज्यांनी ट्रेनिंग केलं नाही ते इंजिनिअर काढले. ते ठेवले तर अर्थ होतो, इंजिनिअर काढले, सगळे, आणि हो, जाता जाता सांगते, त्यांच्यातल्या एकानेही ट्रेनिंग केलेलं नाहीये. म्हणजे मी फक्त माणसं उडवली नाहीत, ३४ जणांवर खोटा आळही घेतला.

आमच्या सीनियर मॅडमनी मेल बघितला. रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "इथे कॉमा का टाकलास?"

"थोडं थांबायला, मॅडम."

"कुणी थांबायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता तीनचार वर्षं झाली, दुसऱ्यांचे इंग्रजी ड्राफ्ट तपासायचं काम आपसूकच माझ्याकडे आलंय (चूक करून सापडलेल्या माणसाला तेच खातं देतात, हा सगळीकडचा नियम दिसतो) आणि तो प्रश्न अजून डोक्यात आहे. म्हणून ही पोस्ट.

आधी एक सांगून टाकते, खालची सगळी इंग्रजी वाक्यं मी देवनागरीतच टाइप करणार आहे. कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा हे खरं कारण. पण लिहिताना लक्षात आलं की त्याचा फायदाच होतोय, कारण स्पेलिंग गेलं, कॅपिटल अक्षरं गेली, की मागे उरतो तो शब्दांचा क्रम आणि कॉमा, आणि मग कॉमा नेमकं काय काम करतोय ते उघडं पडतं.

तर थांबण्याबद्दल. आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत हेच शिकवलेलं असतं, वाचताना जिथे श्वास घ्यायचा तिथे स्वल्पविराम, नावातच विराम आहे. मी हा नियम खूप दिवस मूर्खपणाचा समजत होते. तो तसा नाहीये. तो फक्त फार जुना आहे. साधारण २,२०० वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात अ‍ॅरिस्टोफेनीस नावाचा ग्रंथपाल होता (नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीस वेगळा), तेव्हाचं ग्रीक लिखाण म्हणजे शब्दांमध्ये जागाही न सोडता सलग लिहिलेलं, आणि वाचायचं ते मोठ्याने, लोकांसमोर. याने वेगवेगळ्या उंचीवर तीन प्रकारचे ठिपके द्यायची पद्धत काढली, लहान थांबा, मधला थांबा, मोठा थांबा. त्यातल्या लहान तुकड्याला म्हणायचे कॉम्मा, अर्थ कापलेला तुकडा. म्हणजे कॉमा हे मुळात चिन्हाचं नाव नव्हतंच, तुकड्याचं होतं. शेपटीवाला आकार फार नंतर आला, १५व्या शतकाच्या शेवटी व्हेनिसमधल्या आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यातून.

म्हणजे श्वासाचा नियम खरा होता, जोपर्यंत लोक मोठ्याने वाचत होते. मग लोक मनातल्या मनात वाचायला लागले, आणि मनात वाचताना कुणाला धाप लागत नाही. तेव्हापासून कॉमाचं काम हळूहळू बदललं, तो थांबा कमी आणि सांधा जास्त झाला, वाक्याचा कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला जोडलाय हे दाखवणारा. आणि गंमत म्हणजे हा बदल चालू असताना, मधल्याच कुठल्यातरी टप्प्यावर, अमेरिकेने आपल्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती लिहून ठेवली. १७९१. शस्त्रं बाळगण्याच्या हक्काची. मराठीत त्याचा सांगाडा असा (मिलिशिया म्हणजे सामान्य नागरिकांचं सैन्य) की सुव्यवस्थित मिलिशिया, स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी गरजेची असल्याने, लोकांचा शस्त्रं बाळगण्याचा हक्क, हिरावला जाणार नाही. मूळ इंग्रजीतही असेच तीन कॉमा आहेत, आणि शेवटचा तर बघा, "अँड बेअर आर्म्स, शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड", म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांच्या बरोब्बर मध्ये. आज हे कुणी माझ्याकडे तपासायला पाठवलं तर मी पहिला तोच कॉमा उडवीन. तेव्हा तो चूक नव्हता, तो श्वास होता. पण २१व्या शतकातले न्यायाधीश ते वाक्य श्वासाने वाचत नाहीत ना, ते रचनेने वाचतात, आणि २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने निकालात खरोखर त्यातल्या दुसऱ्या कॉमाचा आधार घेतला, की तो कॉमा वाक्याचे दोन भाग करतो, आधीचा प्रस्तावनेसारखा आणि नंतरचा खरा कायदा. श्वास म्हणून टाकलेलं चिन्ह सांधा म्हणून वाचलं गेलं. माझ्या मेलचं याच्यापेक्षा वेगळं काय झालं होतं? मी श्वास टाकला, क्लायंटच्या बाईंनी सांधा वाचला.

आता हे कर्ता आणि क्रियापदातल्या कॉमाचं प्रकरण. ही चूक मला ड्राफ्ट्समध्ये सगळ्यात जास्त सापडते. "ऑल द फाइल्स दॅट वी रिसीव्ह्ड फ्रॉम द अदर टीम लास्ट वीक, आर करप्ट." यातला कॉमा सरळ चूक. कर्ता कितीही लांब असू दे, रेल्वेइतका लांब असू दे, तो आणि त्याचं क्रियापद यांच्यात एकटा कॉमा येत नाही. (जोडीने आले तर चालतं, मधे काहीतरी घालून पुन्हा बाहेर येणारे दोन कॉमा, दार उघडलं तसं लावलंही. एकच आला की दार उघडं राहिलं.) पण लोक ही चूक का करतात याचा विचार करताना एक दिवस मराठी वाक्य डोळ्यापुढे आलं. "ज्या फाइल्स मागच्या आठवड्यात आल्या, त्या करप्ट आहेत." बघा, 'त्या'च्या आधी कॉमा! मराठीत तो अगदी बरोबर आहे, कारण तिथे 'त्या' हा शब्द बसलाय, दोन वाक्यं आहेत आणि 'ज्या' आणि 'त्या' एकमेकांचा हात धरून आहेत. इंग्रजीत 'त्या' नाहीच. 'त्या' गळून पडतो आणि हाताला लागलेली कॉमाची सवय मात्र तशीच राहते. "मला वाटतं, की" वाल्या कॉमाचंही तेच, तो उचलून "आय थिंक, दॅट" असा इंग्रजीत येतो आणि तिथे तो कुणालाच नको असतो.

इथून मला जे कळलं ते असं की मराठी जे काम शब्दाला किंवा शब्दाच्या शेपटाला देते, त्यातलं बरंचसं इंग्रजी कॉमाला देते. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकी उदाहरणं.

आजीचा जोक सगळ्यांनी ऐकलेला असतो, "लेट्स ईट, ग्रँडमा" आणि "लेट्स ईट ग्रँडमा", कॉमा गेला आणि आजी ताटात आली. मला तो जोक आता बघवत नाही, इतक्या पोस्टरवर आणि मगांवर तो बघितलाय. पण हा जोक मराठीत करून बघा. होतच नाही. आजीबरोबर जेवायचं असेल तर "चला जेवूया आजी", आणि आजीलाच खायचं असेल तर "आजीला खाऊया". 'ला' लावल्याशिवाय मराठीत आजी खाता येत नाही. आणि बरेच जण असतील तर "मुलांनो", त्या 'नो'मध्येच हाक आलेली आहे, कॉमा द्या नाहीतर नका देऊ. इंग्रजी नामांनी असल्या बहुतेक विभक्ती कधीच टाकून दिल्या, मालकी दाखवणारा 'स' तेवढा राहिला, त्यामुळे आजी ही हाक आहे का कर्म आहे हे सांगायला तिथे त्या एवढ्याशा शेपटीशिवाय कोणी नाही.

'हू' आणि 'विच'चं पण तेच. "माय ब्रदर हू रायट्स कोड इज इल" असं बिनकॉमाचं लिहिलं तर मला एकापेक्षा जास्त भाऊ आहेत, त्यातला कोड लिहिणारा आजारी आहे. कॉमात घातलं, "माय ब्रदर, हू रायट्स कोड, इज इल", तर भाऊ एकच, आणि तो कोड लिहितो ही जादा माहिती. भावंडांची संख्या कॉमावर ठरते! मराठीत आपण हे कसं सांगतो? "माझा जो भाऊ कोड लिहितो तो आजारी आहे", 'जो' आणि 'तो' आले की निवड झाली. आणि निवड नको असेल तर आपण ती 'जो तो'ची वाट सहसा घेतच नाही, आपण म्हणतो "माझा भाऊ आजारी आहे, तो कोड लिहितो". रचनाच बदलतो. म्हणून मराठी डोक्याला इंग्रजीतला हा फरक दिसत नाही, कारण आपल्याकडे तो चिन्हात नाहीये.

'विच' आणि 'दॅट'मध्ये एक पळवाट आहे ती सांगते. अमेरिकन संपादक साधारणपणे निवड करणाऱ्या वाक्याला 'दॅट' लावतात, बिनकॉमा, आणि जादा माहितीला 'विच', कॉमासकट. ब्रिटिश लोक निवडीलाही 'विच' बिनधास्त वापरतात आणि ते चूक नाही. पण मी स्वतः अमेरिकन सवय उचलली, एकाच कारणाने, की मग शब्द आणि कॉमा दोघं मिळून एकच गोष्ट सांगतात, आणि कॉपीपेस्टमध्ये एक हरवला तरी दुसरा शिल्लक राहतो. 'हू'च्या बाबतीत ही सोय नाही. म्हणून 'हू' दिसला की मी आधी बोट ठेवते आणि स्वतःला विचारते, सगळे का काही?

आता पुढची सवय, आणि ही माझी स्वतःची लाडकी. मीटिंग संपली, सगळे गेले, मी लॅपटॉप उघडला, पुन्हा तेच. मराठीत हे किती छान चालतं. ही आख्खी पोस्ट मी अशीच लिहितेय, वाक्याला वाक्य कॉमाने शिवत, आणि कुणी मला नापास करणार नाहीये. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की त्याला कॉमा स्प्लाइस म्हणतात आणि तपासणारे लाल पेन काढतात. "द सर्व्हर वेंट डाउन, वी रीस्टार्टेड इट." इथे फुलस्टॉप द्या, सेमीकोलन द्या, नाहीतर 'अँड', 'सो' असं काहीतरी घाला. अर्थात सीझरच्या "आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड"ला कुणी हात लावत नाही. तुकडे छोटे, एकाच ठेक्याचे असले की चालतं. शिवाय सीझर आहे.

पण यात 'हाउएव्हर' आला की माझं डोकं फिरतं. 'बट' आणि 'हाउएव्हर' दोघांचाही अर्थ डिक्शनरीत पण, परंतु, तथापि वगैरे, म्हणून लोकांना वाटतं 'हाउएव्हर' म्हणजे 'बट'चा सूट घातलेला भाऊ. "द टेस्ट फेल्ड, हाउएव्हर, वी शिप्ड द बिल्ड." नाही हो. 'बट' हे उभयान्वयी अव्यय आहे, दोन वाक्यं जोडायची ताकद त्याच्यात आहे. 'हाउएव्हर' क्रियाविशेषण आहे, त्याला ती ताकद नाही, तो एका वाक्यात बसून नुसता मान हलवतो. आणि दोन्हीकडे कॉमा देऊन त्याला मध्ये बसवला की तो कुठल्या वाक्यात बसलाय तेच कळत नाही. "द टेस्ट फेल्ड अगेन, हाउएव्हर, ऑन फ्रायडे वी शिप्ड." तरीही टेस्ट फेल झाली, का तरीही आम्ही शिप केलं? इथे चूक कॉमाची दिसते पण मूळ चूक शब्द निवडतानाच झालीय. 'बट' टाका, सगळं जागेवर येतं. मला तर वाटतं ऑफिसच्या लिखाणातले बहुतेक 'हाउएव्हर' मूळचे 'बट' असतात, कुणीतरी ते भारदस्त करायला गेलेलं असतं.

कॉमा आणि शब्द ही दोन वेगळी खाती नाहीत हे मला सगळ्यात नीट पटवलं ते अमेरिकेतल्या मेन राज्याच्या एका खटल्याने. तो बऱ्याच जणांना माहीत असतो, ऑक्सफर्ड कॉमाचा खटला म्हणून, पण तो अर्धाच सांगितला जातो. तर ऑक्सफर्ड कॉमा म्हणजे यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधीचा कॉमा. "अ, ब, अँड क". नाव ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या पद्धतीवरून पडलं, अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या प्रेसची लेखन-नियमावली तो द्या म्हणते, असोसिएटेड प्रेसची वर्तमानपत्री पद्धत गरज नसेल तर नको म्हणते, आणि लोक यावरून जिवाच्या आकांताने भांडतात.

मेनच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात एक यादी होती, ही कामं करणाऱ्यांना ओव्हरटाइम मिळणार नाही अशी. कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, आणि मग शेवटी, "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ", आणि पुढे शेतमाल, मांस-मासे वगैरे. 'शिपमेंट'नंतर कॉमा नाही. ओकहर्स्ट डेअरी नावाच्या कंपनीचे ट्रकचालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, इथे शेवटचं काम एकच आहे, पॅकिंग, मग ते पाठवण्यासाठी असो नाहीतर वाटपासाठी, आणि आम्ही पॅकिंग करत नाही, आम्ही गाडी चालवतो, तेव्हा आम्हाला ओव्हरटाइम द्या. कंपनीचं म्हणणं, नाही, दोन कामं आहेत, एक पॅकिंग आणि दुसरं वाटप, आणि वाटप तर तुम्हीच करता.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण चालकांच्या बाजूचा दुसरा मुद्दा बघा. यादीतलं प्रत्येक काम 'इंग'ने संपतं. कॅनिंग, ड्राइंग, स्टोअरिंग, पॅकिंग. 'डिस्ट्रिब्यूशन' संपत नाही. मग ते या यादीतलं काम कसं? ते 'शिपमेंट'च्या रांगेतलं आहे, दोन्ही साधी नामं, दोन्ही 'फॉर'ला लटकलेली. कंपनीकडेही तोडीस तोड मुद्दा होता, की असं वाचलं तर 'पॅकिंग'च्या आधी 'ऑर' पाहिजे होता, तो कुठे आहे? दोन्ही बाजू वाचल्या की खरंच डोकं गरगरतं. २०१७ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की वाक्य संदिग्ध आहे, आणि कायद्याचा हेतू कामगारांच्या भल्याचा असल्याने अर्थ कामगारांच्या बाजूने लावायचा. निकालाची सुरुवातच अशी होती की एका कॉमाअभावी हा खटला उभा राहिलाय. २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलरला तडजोड केली.

आणि मग राज्याने कायदा दुरुस्त केला, ते मला सगळ्यात आवडतं. हवा होता तो एक कॉमा टाकून मोकळे झाले का? नाही. त्यांनी सगळ्या कॉमांच्या जागी सेमीकोलन टाकले, आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' केलं. शब्द बदलला!

त्या दिवशी, म्हणजे माझ्या मेलच्या दिवशी, मॅडमनीही हेच केलं होतं. मी म्हटलं, कॉमा काढून पुन्हा पाठवते. त्या म्हणाल्या नको, आणि स्वतः टाइप केलं, ४० पैकी ६ इंजिनिअर्सचं ट्रेनिंग झालेलं नाही, त्या ६ जणांची नावं काढली आहेत, बाकी ३४ सोमवारी येतील. तीन सरळ वाक्यं. 'हू' नाही, त्यामुळे कॉमाचा प्रश्नच नाही. मला तेव्हा वाटलं त्यांना मला कॉमा शिकवायचा कंटाळा आलाय.

कॉमाला झेपणार नाही इतकं ओझं त्याच्यावर टाकायचं आणि मग तो कोसळला म्हणून त्याला शिव्या द्यायच्या, असं होतं आपलं. कॅनडात २००६ साली रॉजर्स आणि बेल अ‍ॅलियंट या दोन कंपन्यांचा केबलच्या खांबांच्या करारावरून वाद झाला, करार पाच वर्षांचा, नंतर पुन्हा पाच पाच वर्षांचा, वर्षभराची नोटीस देऊन थांबवता येईल असा. पण ती नोटीसची अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू का फक्त पुढच्या मुदतींना, हे एका कॉमावर होतं. दूरसंचार नियामकांनी आधी कॉमाप्रमाणे निकाल दिला, सुमारे २० लाख कॅनेडियन डॉलरचा फरक. पुढच्या वर्षी तो उलटला, आणि कशाच्या जोरावर, तर त्याच कराराच्या नमुन्याची अधिकृत फ्रेंच प्रत होती आणि तिच्यात असा घोळ नव्हता. अनुवाद करणाऱ्यांनी ही गोष्ट फ्रेम करून लावावी. आयरिश क्रांतिकारक रॉजर केसमेंटचं त्याहून वाईट, १९१६ मध्ये देशद्रोहाच्या खटल्यात सगळा वाद १३५१ च्या कायद्यातलं एक वाक्य कुठे तोडायचं यावर आला, आणि शेवटी तो फासावर गेला.

असो. आता जिथे कॉमा काहीच करू शकत नाही अशा जागा. 'सिन्स' घ्या. "सिन्स शी लेफ्ट, द टीम हॅज बीन स्लो." ती गेल्यापासून, का ती गेली म्हणून? कॉमा द्या, काढा, उलटा लटकवा, फरक पडत नाही. कारण सांगायचं असेल तर 'बिकॉज' लिहा. 'अ‍ॅज'चंही तेच, 'व्हाइल'चंही थोडंफार.

आणि 'बिकॉज'च्या आधी नकार असेल तर पुन्हा कॉमाकडे यावं लागतं. "ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ऑफ द मॅनेजर." त्याने राजीनामा दिला पण कारण मॅनेजर नव्हता? का मॅनेजरमुळे त्याने राजीनामा दिलाच नाही? 'बिकॉज'च्या आधी कॉमा दिला तर दुसरा अर्थ, न दिला तर बहुतेक पहिला. हे 'बहुतेक' मला आवडत नाही. मराठीतही "मॅनेजरमुळे त्याने राजीनामा दिला नाही" हे वाक्य दोन्हीकडे झुकतं, पण आपल्याकडे 'नव्हे' आहे, "मॅनेजरमुळे नव्हे", झालं काम. इंग्रजीत मी अशा वेळी वाक्यच उलटं करते, "ही स्टेड बिकॉज ऑफ द मॅनेजर", राहिला. 'नॉट रिझाइन' कशाला म्हणायचं जेव्हा 'स्टे' हा चार अक्षरी शब्द फुकट मिळतो!

'ओन्ली'बद्दल तर मला आपल्या 'च'चा अभिमान वाटतो. मीच तिला सांगितलं, मी तिलाच सांगितलं, मी तिला सांगितलंच. 'च' ज्याला चिकटला त्याचा झाला, वाद नाही. इंग्रजीतला 'ओन्ली' भटक्या. "आय ओन्ली टोल्ड हर अबाउट द डिले." फक्त सांगितलं, ओरडले नाही? फक्त तिला? फक्त उशिराबद्दल? बोलताना आवाजाने कळतं, लिहिताना नाही. म्हणून 'ओन्ली' ज्याच्याबद्दल आहे त्याच्या अगदी शेजारी बसवायचा, 'च' समजून. मी ड्राफ्ट तपासताना मनात खरंच प्रत्येक 'ओन्ली'चा 'च' करून बघते.

मराठीतून उचलून आणलेले शब्द मात्र डोळ्याला चटकन दिसत नाहीत, कारण आपल्याला ते बरोबरच वाटतात. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून "डिस्कस अबाउट", तर 'डिस्कस'च्या पोटातच तो 'विषयी' आहे. आपल्याला शंका असते, शंका विचारतो, म्हणून "आय हॅव अ डाउट", आणि बाहेरच्या माणसाला वाटतं आपण त्याच्यावर अविश्वास दाखवतोय. मी एकदा एका परदेशी कलीगला लिहिलं होतं की तुझ्या रिपोर्टबद्दल मला काही डाउट्स आहेत. तो दोन दिवस माझ्याशी तुटक वागला. मला फक्त पान ७ वरचा तक्ता विचारायचा होता.

विशेषणांमधल्या कॉमाचं एका ओळीत सांगते, मध्ये 'अँड' घालून बघा किंवा क्रम उलटा करून बघा, चाललं तर कॉमा द्या, नाही चाललं तर नको. "अ लाँग, बोअरिंग रिपोर्ट"ला हवा. "अ लाँग फायनान्शिअल रिपोर्ट"ला नको. बस.

आणि 'टू'. म्हणजे 'सुद्धा'वाला. "आय रेड द रिपोर्ट टू." शेवटच्या 'टू'आधी कॉमा द्यायचा का? दोन्ही चालतं असं सगळे सांगतात, जोर हवा असेल तर द्या, नको असेल तर नका देऊ. म्हणजे बघा, इतकं सगळं झाल्यावर इथे पुन्हा श्वासच आला, अ‍ॅरिस्टोफेनीसचा. काल मी एका मेलमध्ये तो कॉमा टाकला, काढला, परत टाकला. मॅडम आता दुसऱ्या टीमला आहेत, त्यांना मेसेज केला, "मॅडम, टू च्या आधी कॉमा देऊ का?"

उत्तर आलं, "तुला थांबायचंय का?"

थांबायचं नव्हतं. काढला.